मुंबई ते दुबई : अंतर, वेळ आणि घड्याळ

अंतर, वेळ व वेग यांची उदाहरणे शिकविताना पुस्तकातील आगगाडी बहुधा पुरते. परंतु मालवण, वेंगुर्ले, देवगड या बाजूच्या कित्येक मुलांचे वडील वा काका आखाती देशांत नोकरीस असतात. ‘बाबा दहाला निघाले, मग पोचणार केव्हा?’ हा प्रश्न अशा मुलास घरचाच आहे. पाठाचा आरंभ त्यापासून करावा.

प्रथम अंतर. पृथ्वीच्या गोलावर विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळावा. त्याची लांबी सुमारे ४०,००० किलोमीटर धरावी. त्या मानाने मुंबई-दुबई दोरा मोजला असता १,९०० किलोमीटरांच्या आसपास उत्तर येते. प्रत्यक्ष हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर आहे. हवाई अंतर व रस्त्याचे अंतर यांतील भेद जवळच्या उदाहरणाने पटतो. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी येथे विमानतळ सुरू झाला. तेथून मुंबई सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर, तर रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटर पडते.

आता खरी अडचण. उदाहरणापुरते समजावे की, विमान मुंबईहून सकाळी १० वाजता निघाले व दुबईस तेथील घड्याळात ११ वाजून ४५ मिनिटांनी पोचले. मुले लागलीच वजाबाकी करून पावणेदोन तास सांगतात. त्यांस थांबवू नये. वेग काढू द्यावा. तो ताशी सुमारे १,१०० किलोमीटर येतो. आजची प्रवासी विमाने उंचावरही साधारणतः ताशी ८५० ते ९०० किलोमीटरच जातात. चूक अशी मुलांच्या हातूनच उघडी पडावी.

भारताची प्रमाण वेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावरून, तर दुबईची ६०° पूर्व रेखावृत्तास अनुसरून ठरलेली आहे. फरक २२°३०′, अंशास चार मिनिटे या हिशोबाने दीड तास. दुबईचे घड्याळ तितके मागे. म्हणून प्रवास सव्वातीन तासांचा व सरासरी वेग ताशी सुमारे ५९४ किलोमीटर. चढण्या-उतरण्यात व धावपट्टीवर वेळ जातो, म्हणून सरासरी कमी दिसते.

घड्याळ व सूर्य एक नव्हेत, हे शाळेच्या अंगणातच दाखविता येते. काठी उभी रोवून सावली मोजावी. मालवणास ती बाराला नव्हे, तर साडेबाराच्या सुमारास सर्वांत आखूड होते. कारण मालवण प्रमाण रेखावृत्ताच्या सुमारे ९° पश्चिमेस आहे. महिन्यागणिक त्यात थोडी मिनिटे इकडेतिकडे होतात, हे शिक्षकांनी ध्यानी ठेवावे. नाहीतर मुले प्रयोगच चुकला म्हणतील.

परतीचे उदाहरण मुलांवर सोपवावे : दुबईहून दुपारी २ वाजता निघालेले विमान मुंबईस सायंकाळी ६ वाजून १५ मिनिटांनी उतरले. येथे दीड तास वजा होऊन पावणेतीन तास उरतात. जातानापेक्षा अर्धा तास कमी का, असे एखादा चौकस मुलगा विचारीलच. थंडीच्या दिवसांत उंचावर वारा पश्चिमेकडून वाहतो. तो येणाऱ्या विमानास लोटतो व जाणाऱ्यास अडवितो. समुद्रसपाटीवर मात्र त्याच ऋतूत वारा ईशान्येकडून असतो आणि पूर्वी त्याच वाऱ्यावर शिडाची गलबते अरबस्तानाकडे जात. दर्यावर्दी घरातील मुलाने हे आजोबांस विचारून यावे.