एका नावाची दोन ठिकाणे

एकाच नावाच्या दोन पेढ्या कापड बाजारात नव्या नाहीत. मालेगावच्या पार्टीच्या दोन गाठी आमच्या मुनीमजींनी एकदा त्याच नावाच्या इचलकरंजीच्या पार्टीला रवाना केल्या. परतीचे भाडे आमच्या अंगावर पडले, पण दुकान चालूच राहिले. इंग्लंडमध्ये २८ ऑगस्ट २०२३ रोजी असाच नावाचा घोटाळा झाला आणि सात लाखांहून अधिक प्रवाशांचे हाल झाले.

विमान निघण्यापूर्वी कंपनी त्याचा मार्ग कळवते. ही त्या विमानाची बिल्टीच समजा. वाटेतल्या ठिकाणांची सांकेतिक नावे त्यात असतात. 'नॅट्स' या तिथल्या संस्थेचा संगणक बिल्टी वाचतो आणि ब्रिटिश आकाशातला तेवढा टप्पा काढून कंट्रोलरपुढे ठेवतो. त्या सकाळी लॉस एंजेलिसहून पॅरिसला जाणाऱ्या एका विमानाच्या मार्गात 'डीव्हीएल' हे नाव दोन ठिकाणांना होते. एक अमेरिकेतील डेव्हिल्स लेक, दुसरे फ्रान्समधील दोविल. संगणकाने नेमके अमेरिकेतले धरले. म्हणजे आकाशात शिरण्याआधीच विमान बाहेर पडलेले! हिशेब जुळेना, तेव्हा तो बंद पडला.

बंद पडला हे आम्ही चूक मानत नाही. खोटी माहिती कंट्रोलरकडे जाण्यापेक्षा ते बरे. पण एका बिल्टीसाठी सगळी पेढीच बंद? ती एक बाजूला काढून बाकीच्या पुढे का जाऊ नयेत? त्याच्या जागी लगेच राखीव संगणक आला. त्यानेही तीच बिल्टी तशीच वाचली व तोही थांबला. दोघांचा खेळ वीस सेकंदांत आटोपला. दुसरा मुनीम ठेवला खरा, पण पहिल्याच उस्तादाचा शागीर्द!

याच यंत्रणेने आधीच्या पाच वर्षांत दीड कोटींहून अधिक बिल्ट्या बिनचूक हाताळल्या होत्या, हेही सांगितले पाहिजे. पुढचे चार तास पुरेल एवढी माहिती साठवलेली होती, म्हणून आकाशातली विमाने सुखरूप उतरली. नंतर मात्र माणसे हाताने काम करू लागली. तासाला सुमारे साठच बिल्ट्या होत. उड्डाणे रोखावी लागली.

त्या दिवशी तिथे सुटी होती. जाणकार इंजिनियर घरी होता. घरून दुरुस्ती जमेना, म्हणून तो निघाला. कचेरीत पोहोचायलाच दीड तास लागला. यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीला तर चार तास उलटल्यावर विचारले गेले, आणि दोष तिनेच ओळखला.