शर्यत एक, शरीरे दोन : दीर्घ पल्ल्याच्या ट्रायथलॉनसाठी पती-पत्नींनी घ्यावयाची दक्षता

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे ही तीन अंगे एकापाठोपाठ एक पूर्ण करावयाच्या शर्यतीस ट्रायथलॉन म्हणतात. तिच्या ‘आयर्नमॅन’ या पूर्ण पल्ल्यात ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल व ४२.२ किलोमीटर धावणे असते. अर्ध्या पल्ल्यात ही अंतरे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर असतात. अर्ध्या पल्ल्याची आयर्नमॅन शर्यत गोव्यात पणजी येथे प्रथम २० ऑक्टोबर २०१९ रोजी झाली. तेव्हापासून देशाच्या अंतर्भागातील शहरांतूनही या शर्यतीची तयारी करणाऱ्यांचे लक्ष गोव्याकडे लागलेले असते. त्यांत पती-पत्नी मिळून उतरणारेही असतात. ही पत्रिका मुख्यतः जयपूर व तत्सम कोरड्या हवेच्या शहरांत राहून अशी तयारी करणाऱ्या दांपत्यांसाठी आहे.

या शर्यतीचा उगमच एका दांपत्याच्या घरातला आहे. अमेरिकन नौदलातील जॉन कॉलिन्स व त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी १९७४ मध्ये सॅन डिएगो येथील एका छोट्या ट्रायथलॉनमध्ये भाग घेतला होता. त्या अनुभवातून दोघांनी हवाई बेटांवर दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीची कल्पना मांडली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी ती पार पडली. निघालेल्या १५ जणांपैकी १२ जणांनी ती पूर्ण केली. पुढच्याच वर्षी लिन लमेअर या पहिल्या स्त्रीने ती पूर्ण केली.

दोघांनी मिळून सराव केल्यास नियमितता टिकते, पहाटेच्या रस्त्यावर सोबत मिळते आणि घरातील आहार सुधारतो. हे लाभ खरे आहेत. परंतु एकत्र सराव करणारी जोडपी नकळत एकच वेग, एकच पाणी, एकच आहार व एकच वेळापत्रक दोघांनाही लावतात. या शर्यतीतील पुष्कळ धोके तेथूनच उद्भवतात.

१. तपासणी दोघांची, स्वतंत्रपणे

अमेरिकेतील १९८५ ते २०१६ या काळातील ट्रायथलॉन स्पर्धांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यू वा हृदयक्रिया बंद पडण्याच्या १३५ घटना नोंदविल्या होत्या. दर लाख स्पर्धकांमागे हे प्रमाण १.७४ होते, म्हणजे धोका अल्प आहे. तथापि पुरुषांत तो स्त्रियांच्या तिपटीहून अधिक होता आणि वयाबरोबर वाढत होता. शवविच्छेदन झालेल्यांपैकी अनेकांत हृदयविकाराची चिन्हे आढळली.

म्हणून सराव वाढविण्यापूर्वी दोघांनीही वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रक्तदाब, रक्तशर्करा, हिमोग्लोबिन व ईसीजी या तपासण्या कराव्यात. चाळिशीनंतर, तसेच कुटुंबात कोणास अल्प वयात हृदयविकार झाला असल्यास, पुढील चाचण्यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. श्रम करताना छातीत दुखणे, भोवळ येणे वा नेहमीपेक्षा अधिक धाप लागणे यांपैकी काहीही जाणविल्यास तपासणी होईपर्यंत सराव बंद ठेवावा. पत्नीचा अहवाल उत्तम आला म्हणून पतीने आपली तपासणी पुढे ढकलू नये.

२. पाणी एकाच मापाने पिऊ नये

घाम किती जातो हे घरच्या वजनकाट्यावर कळते. एक तास सरावापूर्वी व नंतर कोरड्या अंगाने, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर घाम. मध्ये प्यालेले पाणी त्यात मिळवावे.

उदाहरण : पतीचे वजन ७४ किलोवरून ७३.२ झाले आणि त्याने ४०० मिलिलिटर पाणी प्याले, तर घाम १.२ लिटर गेला. पत्नीचे वजन ५६ वरून ५५.७ झाले आणि तिने ३०० मिलिलिटर प्याले, तर घाम ०.६ लिटर गेला. आता पती ताशी एक लिटर पितो म्हणून पत्नीनेही तितकेच प्याले, तर सात तासांत तिच्या शरीरात २.८ लिटर पाणी जादा जाईल. दीर्घ श्रमात मूत्र तयार होण्याचे प्रमाण घटू शकते, त्यामुळे हे सारे पाणी बाहेर पडत नाही. रक्तातील सोडियम त्यामुळे विरळ होते, मेंदूस सूज येऊ शकते व प्राणावर बेतू शकते.

ही भीती काल्पनिक नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावकांचे रक्त तपासले असता १३ टक्क्यांत सोडियम कमी आढळले. शर्यतीदरम्यान वजन वाढणे हे त्याचे प्रमुख लक्षण होते. म्हणून तहानेप्रमाणे प्यावे. दीर्घ सरावात केवळ पाण्यावर न राहता क्षारयुक्त पेयही घ्यावे. मात्र क्षारयुक्त पेयही अतिरिक्त प्याल्यास हा धोका टळत नाही. शर्यतीअखेर वजन वाढलेले असता कामा नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या शर्यतीपूर्वी वा शर्यतीत घेऊ नयेत. त्यांनी मूत्रपिंडास इजा होऊ शकते.

३. जयपूरची हवा व गोव्याची हवा

जयपूरच्या कोरड्या हवेत घाम तत्काळ सुकतो. शरीर थंड होते, परंतु किती घाम गेला याची कल्पना येत नाही. गोव्याच्या दमट हवेत घाम अंगावर निथळतो पण सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. जयपूरमध्ये सहज साधणारा वेग तेथे उष्माघातास कारण होऊ शकतो.

अशा हवेशी जुळवून घेण्यास शरीराला सुमारे १० ते १४ दिवस लागतात. एवढा अवधी मिळत नसल्यास जितके लवकर जाता येईल तितके जावे आणि शर्यतीत वेग कमी ठेवावा. दोघांपैकी जो उष्णतेने लवकर थकतो, त्याने जोडीदाराच्या मागे ओढले जाऊ नये.

एप्रिल ते जून या काळात सराव सूर्योदयाच्या सुमारास संपवावा. लू वाहत असताना बाहेर पडू नये. डिसेंबर-जानेवारीच्या दाट धुक्यात महामार्गावर सायकल चालवू नये. वायुगुणवत्ता निर्देशांक २०० च्या वर असल्यास घरातील सायकलीवर सराव करावा. पावसाळ्यानंतर डेंग्यूचा हंगाम असतो. ताप असताना सराव करू नये आणि तापानंतर डॉक्टरांच्या अनुमतीनेच पुन्हा आरंभ करावा.

४. समुद्रातील पोहणे

वरील अभ्यासातील १३५ पैकी ९० घटना पोहताना घडल्या होत्या. जलतरण तलावात तळ दिसतो व काठ हाताशी असतो. समुद्रात लाट, गर्दी व गढूळ पाणी असते. केवळ तलावात सराव केलेल्या व्यक्तीस तेथे श्वास कोंडल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. शर्यतीपूर्वी जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर त्यांच्या सूचनेनुसार काही वेळा पोहावे. लाल निशाण असताना पाण्यात उतरू नये.

घाबरल्यास उताणे होऊन तरंगावे, हात उंचावून बचावनौकेस बोलवावे. पोहताना खोकला, श्वासात घरघर वा गुलाबी फेस आल्यास तत्काळ बाहेर यावे. जोडीदार संकटात दिसल्यास स्वतः ओढत नेण्याचा प्रयत्न न करता बचावपथकास हाक द्यावी. बुडणारी व्यक्ती वाचविणाऱ्यासही खाली ओढू शकते.

५. आहार, रक्तक्षय व विश्रांती

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया व २५ टक्के पुरुष रक्तक्षयग्रस्त आहेत. हिमोग्लोबिन स्त्रियांत १२ व पुरुषांत १३ ग्रॅमहून कमी असल्यास आधी उपचार घ्यावेत. सरावाच्या प्रमाणात आहार न वाढविल्यास हाडे ठिसूळ होतात व पाळी अनियमित होते. तीन महिने पाळी न आल्यास त्यास सरावाचा स्वाभाविक परिणाम समजू नये, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. गरोदरपणात अशा शर्यतीत भाग घेऊ नये.

अनेक घरांत सरावानंतर एक जण विश्रांती घेतो व दुसरी व्यक्ती थेट स्वयंपाकघरात जाते. विश्रांती हा सरावाचाच भाग आहे, म्हणून घरकामाची विभागणी सरावाच्या वेळापत्रकातच लिहावी. शर्यतीच्या दिवशी दोन्ही पालक एकाच वेळी पाण्यात असतील, तेव्हा मुलांजवळ विश्वासू प्रौढ व्यक्ती असावी. दोघांचे आजार, औषधे व रक्तगट लिहिलेला कागद तिच्याकडे द्यावा. शर्यतीनंतर त्याच दिवशी लांबचा प्रवास स्वतः वाहन चालवून करू नये.

धोक्याची लक्षणे व तत्काळ कृती

• बरळणे, तोल जाणे, अंग अतिशय तापणे : उष्माघात समजावा. सावलीत नेऊन थंड पाण्यात बसवावे, अथवा अंगभर थंड पाणी ओतून वारा घालावा. आधी थंड करावे, मग हलवावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.
• बोटे सुजून अंगठी घट्ट होणे, मळमळ, वाढती डोकेदुखी, गोंधळलेपण : सोडियम कमी झाल्याची शक्यता. पाणी पाजू नये, वैद्यकीय पथकाकडे न्यावे.
• शर्यतीनंतर चहासारखी गडद लघवी : त्वरित रुग्णालयात जावे.
• कोसळून प्रतिसाद व श्वास बंद होणे : मदत बोलावून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबावे. हे सीपीआर प्रशिक्षण दोघांनीही आधी घेतलेले असावे.

दोघांनी मिळून सोडवावयाचे प्रश्न

१. माझा व जोडीदाराचा ताशी घाम किती? आपण दोघे किती पाणी पितो?
२. जोडीदाराला कोणता आजार आहे व कोणते औषध चालू आहे?
३. जोडीदार मागे राहिल्यास अथवा थांबल्यास मी काय करणार?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शर्यतीपूर्वीच ठरवावे. सायकलच्या टप्प्यात शेजारी शेजारी चालण्यास, अथवा पुढच्याच्या आडोशाने जाण्यास बहुधा नियमानुसार मनाई असते. त्यामुळे बराच काळ जोडीदार दृष्टीआड असणार हे गृहीत धरावे. दोघे जवळ असताना एकाने दुसऱ्यास “आता थांब” असे म्हटले, तर तो शब्द अंतिम मानावा, त्यावर वाद करू नये. श्रमाने गोंधळलेल्या माणसाला स्वतःची अवस्था कळत नाही, परंतु रोजच्या सहवासातील माणसाला ती चालीवरून व बोलण्यावरून प्रथम कळते. जोडीने शर्यतीत उतरण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. शर्यत पुढील वर्षीही होईल. दोघांनी सुखरूप घरी परतणे महत्त्वाचे आहे.