डोंगरवाटेची पूर्वतयारी

सोलापूर जिल्ह्यातील नातेपुते हे गाव महाराष्ट्रास परिचित आहे ते पालखीच्या मुक्कामामुळे. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण, बरड असे मुक्काम करीत येथे येते, एक रात्र विसावते आणि दुसऱ्या दिवशी माळशिरसची वाट धरते. एवढा मोठा जनसमुदाय दिवसांमागून दिवस पायी चालतो आणि तरीही प्रत्येकाच्या मुखी वेळेवर घास पडतो, ह्याचे आपल्याला नवल वाटते. परंतु कोणत्या तिथीस कोठे मुक्काम, कोठे विसावा, हे सारे आधी ठरलेले असते. दिंडीचे सामान घेऊन वाहने पुढे जातात, आणि वारकरी मुक्कामी पोहोचतो तेव्हा राहुटी उभी असते व चुलीवर भांडे चढलेले असते.

ह्याच गावाच्या पश्चिमेस शंभू महादेवाची डोंगररांग पसरली आहे. सह्याद्रीपासून महाबळेश्वरच्या उत्तरेस फुटलेला हा फाटा पूर्वेकडे व आग्नेयेकडे सरकत येतो. शिखर शिंगणापूर ह्याच रांगेवर आहे. त्याच्या पश्चिमेस वारुगड आणि आणखी पुढे ताथवड्याचा संतोषगड हे किल्ले उभे आहेत. नातेपुत्याहून शिंगणापूर, तेथून वारुगड आणि मग संतोषगड, अशी चार-पाच दिवसांची पायी मोहीम काढावयाची असे समजा. येथे पुढे जाणारे वाहन नाही. जे लागेल ते पाठीवर घ्यावयाचे, आणि जे घेता येणार नाही ते वाटेत कोठे मिळेल, हे घरून निघण्यापूर्वीच शोधून ठेवावयाचे. पूर्वतयारी म्हणजे प्रामुख्याने हा शोध.

पहिला शोध पाण्याचा. महाबळेश्वरास वर्षाकाठी सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील दहिवडीच्या आसपास तो जेमतेम ५०० मिलिमीटर असतो. सह्याद्री ओलांडताना ढग रिते होतात आणि माणदेशाच्या वाट्यास उरलेसुरले येते. तेही पुष्कळदा भाद्रपद-आश्विनात, परतीच्या पावसाने. कुळकजाईच्या परिसरातील सीतामाईच्या डोंगरात माणगंगा उगम पावते. बाणगंगाही ह्याच डोंगरात उगम पावून उत्तरेस फलटणकडून नीरेला मिळते, तर माणगंगा आग्नेयेस वाहत सांगोल्याकडून भीमेला जाते. दोन नद्यांचे माहेर म्हणून येथे पाण्याची रेलचेल असेल, असे कोणास वाटेल. प्रत्यक्षात वर्षातील कित्येक महिने त्यांची पात्रे कोरडी असतात.

पूर्वजांना हे ठाऊक होते. शिंगणापूरच्या यात्रेस येणाऱ्यांचे पाण्यावाचून हाल होत, म्हणून शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले ह्यांनी सुमारे चारशे वर्षांपूर्वी तेथे मोठा तलाव बांधविला. चैत्रात ह्याच शिंगणापुरी भाविक पाण्याच्या कावडी घेऊन मुंगी घाटाची उभी चढण चढतात. ती भक्तीची कावड आहे हे खरे. पण ह्या डोंगरावर पाणी खालून वर न्यावे लागते, ही गोष्टही ती कावड आपणांस सांगते.

आता थोडे गणित करू. दहा मुले आणि दोन शिक्षक अशी बारा माणसे आहेत. पिण्यास व स्वयंपाकास मिळून दर माणशी ४ लिटर धरले, तर एका दिवसास ४८ लिटर पाणी लागेल. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्राम. म्हणजे ४८ किलोग्राम भार झाला. दोन दिवसांचे पाणी बारा जणांनी वाहावयाचे ठरविले, तर प्रत्येकाच्या पाठीवर ८ किलोग्राम नुसते पाणीच होईल! म्हणून मुक्काम देवळाच्या सौंदर्यावरून किंवा देखाव्यावरून ठरवू नये. जेथे खात्रीचे पाणी, तेथे मुक्काम. आणि ही खात्री केवळ नकाशावरून होत नाही. नकाशात विहीर असते, परंतु विहिरीत पाणी असेलच असे नाही. मोहिमेपूर्वी आठ-दहा दिवस एखाद्या जाणत्या माणसाने त्या गावी जाऊन, आडात पोहरा सोडून, पाणी पाहून यावे. मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांना विचारावे. पाण्याविषयी त्यांच्याइतके पक्के ज्ञान कोणाजवळ नसते.

पुरवठ्याची जागा थोडी चुकली तर काय होते, ह्याचा एक दाखला दक्षिण ध्रुवावरून देतो. नॉर्वेचा आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोहोचला आणि सुखरूप परतला. त्याने वाटेत अन्नाचे साठे पुरले होते आणि एखाद्या साठ्यापासून वाट थोडी चुकली तरी तो सापडावा म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना दूरवर निशाणांची रांग रोविली होती. इंग्रज कप्तान स्कॉट महिनाभराने, १७ जानेवारी १९१२ रोजी तेथे पोहोचला. परतताना तो आणि त्याचे दोन सोबती बर्फाच्या वादळात तंबूत अडकून मरण पावले. त्यांचा मोठा साठा तेथून सुमारे २० किलोमीटरांवर होता. नातेपुत्याहून शिंगणापूर रस्त्याने साधारण तेवढेच दूर आहे. हा साठा आधी ठरविलेल्या जागेहून बराच अलीकडे पुरला गेला होता; ठरल्या जागी असता, तर तो वाटेतच त्यांना लागला असता. स्कॉटला शौर्याची उणीव नव्हती, हे मात्र कोणीही कबूल करील.

पाण्यावरूनच ऋतू ठरतो. वैशाखात ह्या उघड्या माळांवर ऊन असह्य होते. पावसाळ्यात कातळ निसरडे होतात आणि धुक्यात वाट हरवते. दिवाळीनंतरचे दीड-दोन महिने उत्तम. तलावांत पाणी असते आणि सकाळी चालताना घाम येत नाही. अडचण एकच की, दिवस लहान. मार्गशीर्षात उजेड सुमारे अकरा तासच मिळतो. शिवाय आपली वाट पश्चिमेस जाणारी. सकाळी सूर्य पाठीशी असतो, तिसऱ्या प्रहरी तो थेट डोळ्यांवर येतो. तेव्हा पहाटे निघून दुपारपर्यंत बहुतेक वाट संपवावी.

वाटेस किती वेळ लागेल, हे काढण्याची एक रीत नेस्मिथ नावाच्या स्कॉटलंडमधील गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितली. सपाटीवर ताशी ५ किलोमीटर धरावे आणि दर ६०० मीटर चढणीस एक तास अधिक मिळवावा. वाट १५ किलोमीटर व चढण ४५० मीटर असेल, तर तीन तास आणि पाऊण तास, असे पावणेचार तास होतात. परंतु ही रीत धडधाकट प्रौढांची आहे. पाठीवर ओझे घेतलेल्या मुलांसाठी ह्याची दीडपट करावी, म्हणजे साडेपाच तासांहून थोडे अधिक. विसावा आणि न्याहारी वेगळी.

चढण किती, हे भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशावरून समजते. १७६७ साली सुरू झालेल्या ह्या खात्याच्या नकाशांत २ सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, असे प्रमाण असलेला नकाशा आपल्या कामाचा. त्यावरील तपकिरी समोच्च रेषांमध्ये प्रत्येकी २० मीटर उंचीचे अंतर असते. रेषा विरळ असल्या तर पठार, दाट असल्या तर चढ, आणि एकमेकींस चिकटल्या तर तेथे कडा आहे असे समजावे. आपले डोंगर लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालेले असल्यामुळे सपाटी आणि कडा अशा पायऱ्या त्यांना असतात. दुरून सोपी दिसणारी सोंड मध्येच तुटते ती ह्यामुळे. वाट वळणावळणाची असते, तेव्हा दोरा तिच्यावर अंथरून मग मोजपट्टीवर मोजावा. ओढे काळ्या रेषेने दाखविले असतील तर ते बारमाही नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

शिदोरीविषयी सोलापूरकरांना दुसऱ्या कोणी शिकविण्याची गरज नाही. ज्वारीची कडक भाकरी आठ दिवस टिकते. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. वाटेवर शिजवावयाचे असेल तर तांदूळ-मूगडाळीची खिचडी बरी, परंतु तिला पाणी लागते, हा हिशेब विसरू नये. कपडे थोडे असावेत. थंडीला एक घोंगडी पुरे. पायतण नवे कोरे नसावे, महिनाभर वापरून पायास सरावलेले असावे. नव्या जोड्याने आलेला फोड पहिल्याच दिवशी मोहीम संपवितो. विजेरी, होकायंत्र, शिटी आणि मलमपट्टी ह्यांना पर्याय नाही. भ्रमणध्वनी जरूर न्यावा, पण खिंडीत त्यास संदेश मिळेल अशा भरवशावर राहू नये.

हिंस्र श्वापदांची भीती मुले फार बाळगतात. माळावर लांडगा आहे. तो माणसाला पाहून दूर जातो. मेंढवाड्याचे कुत्रे अधिक सांभाळावे. दुरूनच हाक देऊन धनगरास बोलवावे. खरी सावधगिरी हवी ती सापांविषयी. घोणस आणि फुरसे दगडांच्या आडोशास असतात, म्हणून न पाहता हात घालू नये आणि अंधारात विजेरीवाचून पाऊल टाकू नये. दंश झालाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे हे सारे टाळावे; अवयव स्थिर ठेवून रुग्णास शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्यावे. प्रत्येक मुक्कामाहून जवळचे शासकीय रुग्णालय कोणते आणि तेथपर्यंत गाडीची वाट कोणती, हे वहीत आधीच टिपलेले असावे.

चालताना सर्वांत सावकाश चालणाऱ्यास पुढे ठेवावे आणि एक शिक्षक सर्वांत शेवटी असावा. दररोज परतीची एक घटका ठरवावी. दुपारी दोनपर्यंत अमुक खिंड गाठली नाही, तर पुढे न जाता पाण्याच्या जागी मागे फिरावयाचे, असा निर्णय सकाळी, डोके शांत असताना घ्यावा. दुपारी थकलेली व ईर्ष्येस पेटलेली माणसे असा निर्णय घेत नाहीत.

निघण्यापूर्वी एका कागदावर सर्वांची नावे, रोजची वाट, मुक्कामाची गावे आणि परतीचा दिवस लिहावा. त्याच्या दोन प्रती कराव्यात. एक शाळेत ठेवावी, दुसरी गावातील जबाबदार माणसाच्या हाती द्यावी. शेवटच्या दिवशी रात्री किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शोध सुरू करावा आणि ११२ ह्या क्रमांकावर कळवावे, ती वेळही त्याच कागदावर स्पष्ट आकड्यांत लिहिलेली असावी.