ग्रीस, चीन, रोम आणि महाडचें तळें

इतिहासाच्या तासाला एखादा विद्यार्थी आम्हांस हमखास विचारतो, "सर, ग्रीस, चीन आणि रोम येथील प्राचीन लोकांशीं आम्हां महाड-पोलादपूरकरांचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिला संबंध व्यापाराचा. महाबळेश्वरीं उगम पावलेली सावित्री पोलादपूर व महाड यांवरून वाहत जाऊन बाणकोटास समुद्राला मिळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या एका सागरप्रवासाच्या ग्रंथांत कोंकणच्या बंदरांचीं नांवें आहेत. त्यांतील 'मंदगोर' हें बाणकोटच्या खाडीवर असावें, असा कित्येक पंडितांचा तर्क आहे. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नांवाच्या यवनानें पाण्याचीं दोन टाकीं दान दिल्याचा लेख आहे. यवन म्हणजे त्या काळीं ग्रीक किंवा पश्चिमेकडील परकी मनुष्य. महाडजवळच्या गांधारपाले येथेंही विष्णुपालित नांवाच्या राजकुमारानें लेण्यासह पाण्याचीं दोन टाकीं दिल्याचें कोरलेलें आहे. पाणी देणें हें पुण्य, एवढें तरी त्या काळच्या देशी व परदेशी दात्यांस सारखेंच ठाऊक होतें.

दुसरा संबंध विचारांचा. आणि तो अधिक मोलाचा आहे.

ग्रीस. अथेन्स नगरांत इ. स. पूर्वी ५९४ च्या सुमारास सोलन यानें कर्जापायीं नागरिकास गुलाम करण्याची चाल बंद केली. पुढें तेथील नागरिक सभेंत बसून स्वतःचा कारभार स्वतः पाहूं लागले. सॉक्रेटिस चव्हाट्यावर लोकांस प्रश्न विचारी, आणि त्यापायींच इ. स. पूर्वी ३९९ मध्यें त्यास विषाचा पेला घ्यावा लागला. परंतु त्या सभेंत स्त्रिया, गुलाम व परके यांस जागा नव्हती. ॲरिस्टॉटलसारखा बुद्धिमान पुरुषही कांहीं माणसें जन्मतःच गुलाम असतात असें मानी.

चीन. कन्फ्यूशिअस (इ. स. पूर्वी ५५१–४७९) शिकवितांना शिष्याचें कुळ पाहत नसे. यान हुइ हा त्याचा अत्यंत आवडता शिष्य दरिद्री होता. दुसऱ्याच्या जागीं स्वतःस ठेवून वागावें, हा त्याच्या उपदेशाचा मथितार्थ. तथापि त्याच्या शिष्यवर्गांत मुलींचें नांव नाहीं.

रोम. येथें पॅट्रिशियन हे कुलीन व प्लिबियन हे सामान्य. इ. स. पूर्वी ४९४ मध्यें प्लिबियन लोक नगर सोडून टेकडीवर जाऊन बसले, तेव्हां त्यांस स्वतःचे कैवारी निवडण्याचा हक्क मिळाला. ४५१–४५० मध्यें 'बारा पट्टिका' लिहून चौकांत लावल्या गेल्या. कायदा सर्वांच्या दृष्टीस पडला. पण त्याच पट्टिकांत दोन वर्गांमधील विवाहास बंदी होती! ती ४४५ मध्यें उठली.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत १९२३ मध्यें संमत झाला. महाड नगरपालिकेनेंही १९२४ मध्यें चवदार तळें खुलें केलें, परंतु कागदावर. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं सहकाऱ्यांसह तळ्याचें पाणी प्राशन केलें, तेव्हां त्या कागदास अर्थ आला. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला, तळ्याचें 'शुद्धीकरण' झालें, नगरपालिकेनें आपला ठरावही फिरविला. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागण्यास १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडला.

१९३६ मध्यें लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठीं लिहिलेल्या भाषणांत डॉ. आंबेडकरांनीं याच प्लिबियनांचा दाखला दिला आहे. कॉन्सलचें पद कायद्यानें मिळूनही धर्मसमजुतीपुढें तो अधिकार कसा पांगळा ठरला, हें त्यांनीं दाखविलें. रोमचा इतिहास आपणांस कशासाठीं वाचावयाचा, याचें याहून चांगलें उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं.

पालकांसही एक विनंती. पाल्याची तारखांची उजळणी अवश्य घ्या. पण घरच्या पाण्याच्या माठाला हात लावण्यास कोणास अजून मज्जाव आहे काय, हेंही त्यास विचारूं द्या.

सुटींतील अभ्यास: (१) गांधारपालेचीं लेणीं व चवदार तळें एकाच दिवशीं पाहून या. (२) अथेन्सच्या सभेंत कोणास प्रवेश नव्हता, तें लिहा. (३) आपल्या गांवांतील सर्वांत वृद्ध माणसास विचारा: "आपल्या लहानपणीं विहिरीवर कोण दूर उभें राहत असे?" मिळालेलें उत्तर जसेंच्या तसें वहींत उतरवा.