ती त्यांच्याबरोबर असतांना
(हातकाम व मैत्री यांविषयीं दुर्कसेपासून एक पाठ)

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें ९:३६–४३.
सोबत वाचावें : निर्गम २२:२६–२७, अनुवाद २४:१७, १ शमुवेल २:१८–१९, प्रेषितांचीं कृत्यें १८:१–३, रोमकरांस पत्र १६:३–४.
मुख्य विचार : जें हातानें करून द्यावयाचें, तें जवळ बसून द्यावें.

उन्हाळा आला व शेतांतील कामें आटोपलीं, म्हणजे कित्येक खेड्यांतून एक दृश्य अजूनही दृष्टीस पडतें. अंगणांत जुनीं लुगडीं व धोतरें धुऊन थरावर थर घालून अंथरलेलीं असतात, आणि त्यांच्या चारी कडांना शेजारच्या बायका सुई-दोरा घेऊन बसलेल्या असतात. ह्या पांघरुणाला कोठें गोधडी म्हणतात, कोठें वाकळ म्हणतात. धावदोऱ्याची ओळ कडेनें निघते व फिरत फिरत मध्याकडे येते. म्हातारीच्या सुईंत नात दोरा ओंवून देते. कोणी माहेरची गोष्ट सांगते, कोणी मुलाच्या आजाराची. एखादी कांहींच बोलत नाहीं, तरी तिला कोणी उठवीत नाहीं. दिवस मावळतो तेव्हां पांघरूण थोडेंसें पुढें सरकलेलें असतें, आणि मनांवरचें ओझें पुष्कळसें हलकें झालेलें असतें.

ह्या साध्या आनंदाचा ख्रिस्ती जीविताशीं कांहीं संबंध आहे काय, असें कोणी विचारील. पवित्र शास्त्रांत सुई-दोऱ्याची एक गोष्ट आहे. ती आपण आज लक्षपूर्वक पाहूं.

१. यापोंतील शिष्या

यापो हें भूमध्य समुद्राच्या कांठचें जुनें बंदर. आज त्यास याफा म्हणतात, व तें तेल अवीव शहरांत सामावलेलें आहे. तेथें टबीथा नांवाची एक विश्वासणारी बाई राहत असे. टबीथा हें नांव अरामी भाषेंतलें व दुर्कस हें ग्रीक. दोहोंचाही अर्थ हरिणी असा आहे. लूकानें तिला शिष्या असें म्हटलें आहे, आणि मूळ ग्रीक नव्या करारांत हा स्त्रीलिंगी शब्द दुसऱ्या कोणाही बाईविषयीं आलेला नाहीं. येवढा मान जिला मिळाला तिनें केलें काय? तिनें उपदेश केल्याचें लिहिलेलें नाहीं. ती श्रीमंत होती कीं गरीब, विधवा होती कीं सवाष्ण, हेंही लिहिलेलें नाहीं. ती सत्कर्में व दानधर्म करण्यांत तत्पर होती, आणि ती कपडे शिवीत असे, येवढेंच आपणांस कळतें.

ती आजारी पडून मरण पावली. लोकांनीं तिचें शरीर धुऊन माडीवर ठेविलें. तेथून सुमारें दहा-बारा मैलांवर लोद नगरांत पेत्र आला आहे असें ऐकून, त्यांनीं दोन माणसें पाठवून त्याला ताबडतोब बोलाविलें.

२. वस्त्राची किंमत

विधवांनीं पेत्रास वस्त्रें कां दाखविलीं हें समजण्यास त्या काळीं वस्त्राची किंमत काय होती तें जाणलें पाहिजे. आज आठवड्याच्या बाजारांत तयार कपड्यांचे ढीग पडलेले असतात. त्या काळीं मेंढराची लोंकर कातरावी किंवा जवस कुजवून त्याचा ताग काढावा, मग तो हातानें कांतावा, मागावर विणावा, नंतर शिवावा; येवढ्या श्रमानें एक अंगरखा होत असे. गरिबाजवळ पांघरावयाचें एकच वस्त्र असे. दिवसा तेंच अंगावर, रात्रीं तेंच अंथरुणावर. म्हणून मोशेच्या नियमशास्त्रांत अशी आज्ञा आहे कीं, शेजाऱ्याचें पांघरूण गहाण घेतलें तर सूर्य मावळण्यापूर्वीं तें परत करावें. विधवेचें वस्त्र तर गहाण घेऊंच नये असें अनुवादांत सांगितलें आहे.

नियमशास्त्रानें विधवेचें वस्त्र घेण्यास मना केलें. परंतु घेतलें नाहीं येवढ्यानें विधवेचें अंग झांकत नाहीं. कोणीतरी बसून शिवावें लागतें. दुर्कसेनें आज्ञा मोडली नाहीं येवढेंच नव्हे, तर ती आज्ञेच्या पुढें एक पाऊल गेली.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मापावांचून अंगरखा शिवतां येत नाहीं. हन्ना दरवर्षीं आपल्या शमुवेलासाठीं लहानसा झगा करून देवाच्या मंदिरीं नेत असे. मूल वर्षभर दृष्टीआड; त्याचे हात किती लांब झाले असतील, खांदे किती रुंदावले असतील, ह्याचा विचार करीत त्या माउलीनें प्रत्येक टांका घातला असेल. ज्याच्यासाठीं आपण शिवतों किंवा विणतों, त्याचें माप आधीं मनांत घ्यावें लागतें. दुर्कसेला यापोंतील विधवांचीं मापें ठाऊक होतीं. जी माप जाणते ती पुष्कळदां दुःखही जाणते.

३. “बरोबर असतांना”

आतां एकुणचाळिसाव्या वचनाकडे यावें. ह्या पाठाचें मर्म तेथें आहे. पेत्र माडीवर येतांच सर्व विधवा रडत त्याच्याभोंवतीं उभ्या राहिल्या, व दुर्कसेनें केलेले अंगरखे व वस्त्रें त्यास दाखवूं लागल्या. मूळ क्रियापदाच्या रूपावरून कित्येक अभ्यासकांना असें वाटतें कीं, तीं वस्त्रें त्यांच्या अंगावरच होतीं. पदर पुढें करून, बाही धरून त्या दाखवीत होत्या. दुर्कसेचें स्तुतिपत्र असें त्या बायकांच्या अंगावर लिहिलेलें होतें.

पण लूक आणखी दोन-तीन शब्द घालतो, ते वाचणारांच्या नजरेंतून सहज निसटतात. हीं वस्त्रें तिनें केव्हां केलीं? तर ती त्यांच्याबरोबर असतांना. तिनें विधवांची यादी करून नोकराच्या हातीं गांठोडें पाठविलें नाहीं. ती त्यांच्यांत असे. विधवाही तिच्याजवळ बसून शिवीत होत्या कीं काय, हें लिहिलेलें नाहीं. परंतु त्यांच्या रडण्यावरून स्पष्ट होतें कीं, त्यांनीं दाता गमावला नव्हता, मैत्रीण गमावली होती. दाता गेला तर मनुष्य दुसरा दाता शोधतें. मैत्रीण गेली म्हणजे मनुष्य रडतें.

हातकाम व मैत्री यांची अशी जोडी कां जमते? आमच्या अनुभवास आलेलीं कारणें अशीं : हात गुंतलेले असले म्हणजे जीभ मोकळी होते, आणि नजर टांक्यावर असल्यामुळें, जें समोरासमोर पाहून सांगवत नाहीं तें खालीं पाहून सांगतां येतें. कोणी गप्प राहिली तरी काम चालूच असतें, म्हणून शांततेचा भार वाटत नाहीं. अर्धें राहिलेलें काम उद्यां पुन्हां येण्यास निमित्त होतें. आणि जिला येतें ती शिकविते, जिला येत नाहीं ती शिकते. तेथें देणारी व घेणारी असा भेद फार वेळ टिकत नाहीं.

४. सुटलेला टांका

दुर्कसेच्या काळीं दोन सुयांवरचें विणकाम नव्हतें. मिसर देशांत सांपडलेले अशा विणकामाचे अगदीं जुने नमुनेही तिच्यानंतर पुष्कळ शतकांचे आहेत. आपल्या बायकांपैकीं कित्येकींनीं हें काम मिशन शाळांत शिकून घेतलें, आणि बाळाची टोपी, पायमोजे व थंडीचा स्वेटर घरोघर होऊं लागला. ह्या कामांत मंडळीसाठीं एक धडा आहे.

विणलेल्या कापडांत एकच धागा असतो. त्याचे वेढे एकांतून एक काढलेले असतात. वेढ्याला गांठ नसते. वरच्या ओळींतला वेढा त्याच्यांतून गेलेला असतो, म्हणून तो जागेवर राहतो. एखादा टांका सुईवरून निसटला, तर तो एका ओळीवर थांबत नाहीं. खालचा सुटतो, त्याच्या खालचा सुटतो, आणि थोड्याच वेळांत विणीमध्यें शिडीसारखी रेघ पडते. मोजण्याच्या घाईंत विणणारीच्या तें लक्षांत येत नाहीं, पुष्कळदां शेजारी बसलेलीच म्हणते, “अगं, तुझा टांका सुटला बघ.” त्यावर उपाय आहे. आंकडीच्या सुईनें तळचा टांका धरावा व एकेक ओळ वर चढवीत आणावा. सर्व वीण उसवावी लागत नाहीं. मात्र धीर धरावा लागतो.

मंडळींतही असेंच घडतें. एक बहीण दोन रविवार उपासनेला आली नाहीं. कोणी विचारलें नाहीं. मग ती महिनाभर आली नाहीं, मुलेंही शब्बाथशाळेंत येईनाशीं झालीं. वर्षाअखेरीं आपण म्हणतों, त्या घराचा विश्वास थंड पडला. टांका सुटला त्याच दिवशीं शेजारणीनें पाहिलें असतें तर? आणि आतांही धरावयाचा, तर तळापासून, एकेक ओळीनें. एका भेटींत सर्व साधेल अशी आशा करूं नये.

५. एकाच धंद्याचीं माणसें

ही गोष्ट बायकांचीच आहे असें पुरुषांनीं समजूं नये. पौल करिंथास आला तेव्हां अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरीं राहिला, कारण त्यांचा व त्याचा धंदा एकच होता. तीं तंबू करणारीं माणसें होतीं. एका छपराखालीं बसून राठ कापड शिवतां शिवतां जी मैत्री जडली, तिच्याविषयीं पुढें पौल रोमकरांस लिहितो कीं, ह्या दोघांनीं माझ्या जिवाकरितां आपली मान धोक्यांत घातली. आणि आपल्या पाठाचें शेवटचें वचन पाहा : पेत्र यापोंत पुष्कळ दिवस राहिला तो कातडें कमाविणाऱ्या शिमोनाच्या घरीं. ज्या धंद्याला यहूदी लोक विटाळाचा मानीत, त्या धंद्याच्या घरीं प्रेषित जेवला व निजला. ह्याचा अर्थ आपल्या खेड्यांतील बांधवांस आम्हीं फोडून सांगावा असें नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतही असें उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंना १८८२ सालीं वैधव्य आलें. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन उघडलें, आणि १८९६–९७ च्या दुष्काळानंतर केडगांव येथें मुक्ति सदन उभें राहिलें. तेथें अन्नवस्त्र देऊन त्या थांबल्या नाहींत. विणणें, शिवणें, छापखान्याचें काम, असे नाना उद्योग विधवा व अनाथ मुली एकमेकींच्या शेजारी बसून शिकल्या. रमाबाईंनीं मराठींत केलेलें पवित्र शास्त्राचें भाषांतर ह्याच हातांनीं छापून निघालें. रमाबाई १९२२ सालीं प्रभूकडे गेल्या, परंतु टाकून दिलेल्या बायकांना त्यांनीं काम व सोबत हीं दोन्ही मिळवून दिलीं होतीं.

६. आपल्या मंडळ्यांत काय?

येथें आमची एक चूक कबूल करणें आम्हांस योग्य वाटतें. एका नाताळांत आम्ही मंडळींतील विधवांना कांबळीं वाटावयास निघालों. हातांत यादी होती व संध्याकाळ होत आली होती. एका म्हातारीनें कांबळें घेतलें, दोन्ही हातांनीं चांचपलें, आणि म्हणाली, “ऊबदार आहे बाळांनो, देव तुमचें भलें करो. पण घटकाभर बसा तरी.” आम्हीं म्हटलें, “आजी, अजून चार घरें राहिलीं आहेत.” चारही घरें आम्हीं पुरीं केलीं. पुढच्या नाताळांत आम्ही गेलों तेव्हां त्या दाराला कुलूप होतें. आमच्या हिशेबांत ते कांबळें बरोबर लिहिलेलें आहे. न बसलेली ती घटका मात्र कोठेंही लिहिलेली नाहीं, पण आम्हांस ती विसरवत नाहीं.

वाचकहो, आपल्या देशांत विधवेला हळदीकुंकवाला बोलवीत नाहींत, ही चाल आपण जाणतों. आपण ती सोडली असें म्हणतों. तरी लग्नघरीं हळद लागते तेव्हां आपलीही विधवा बहीण कित्येक ठिकाणीं भिंतीच्या कडेला उभी राहते. गोधडीच्या कडेला मात्र तिला जागा आहे. म्हणून आमची अशी सूचना आहे कीं, स्त्रियांच्या सभेनें आठवड्यांतील एक दुपार हातकामासाठीं ठेवावी. जुनें कापड आणावें, लोंकर आणावी, ज्यांना येतें त्यांनीं शिकवावें. ज्यांना घराबाहेर पडवत नाहीं, त्यांच्या ओटीवरच ही दुपार भरवावी. पुरुषांनींही हात जोडून पाहत राहूं नये. बाज विणावयास किंवा सुंभ वळावयास दोघे लागतात, आणि एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याला तो दुसरा मनुष्य मिळणें हें मोठें दान आहे. किती नग झाले हें लिहून ठेवण्यास हरकत नाहीं; परंतु कोण कोणाजवळ बसलें हें आधीं पाहावें.

पेत्रानें गुडघे टेकून प्रार्थना केली, टबीथेला हांक मारली, आणि तिला जिवंत अशी कोणाच्या स्वाधीन केलें? पवित्र जनांना बोलाविलें, आणि विधवांना बोलाविलें. प्रभूनें मैत्रीण मैत्रिणींना परत दिली. तीं वस्त्रें कधींच जीर्ण होऊन गेलीं असतील. ती सोबत मात्र आजही आपण वाचीत आहों.

चर्चेसाठीं प्रश्न

१. विधवांनीं पेत्रास वस्त्रें कां दाखविलीं? तुमच्या मंडळींत कोणी गेलें तर लोक काय दाखवितील?
२. विधवेच्या वस्त्राविषयीं नियमशास्त्राची आज्ञा काय होती? दुर्कस तिच्या पुढें कशी गेली?
३. पौल व अक्विल्ला यांची मैत्री कशी जडली? तुमच्या धंद्यांत तुमचा असा सोबती कोण?
४. गेल्या महिन्यांत तुमच्या मंडळींतला कोणता टांका सुटला? तो धरण्यास ह्या आठवड्यांत कोण जाईल?

प्रार्थना : हे प्रभो, तूं सुताराच्या घरीं हातानें काम केलेंस. आमच्या हातांना काम दे, व त्या कामाशेजारी बसावयास एक सोबती दे. आणि जेथें कोणी एकटें आहे तेथें आम्हांस घाई करूं देऊं नको. आमेन.