गाभ्याची संपृक्तता आणि बदलती प्रवर्तकता

रेडिओवर एक केंद्र सोडून दुसरे लावताना संचात नेमके काय बदलते? वेटोळ्याची प्रवर्तकता, म्हणजेच इंडक्टन्स, आणि धारित्राची धारकता यांच्या गुणाकारावर मंडलाची अनुस्पंदन-कंप्रता ठरते. बहुतेक जुन्या संचांत बटण फिरविले की धारकता बदलत असे. प्रवर्तकता बदलूनही तेच साधता येते, आणि तेही कोणताही भाग न हलविता.

दिल्लीचेच उदाहरण घेऊ. आकाशवाणीची दिल्ली ‘अ’ व दिल्ली ‘ब’ ही केंद्रे मध्यम लहरींवर दीर्घकाळ अनुक्रमे ८१९ व ६६६ किलोहर्ट्झ या कंप्रतांवर ऐकू येत. धारित्र २५० पिकोफॅरडचे असेल, तर ‘ब’ केंद्रासाठी सुमारे २२८ मायक्रोहेन्री प्रवर्तकता लागते. ‘अ’ केंद्रासाठी १५१ पुरते. म्हणजे ती एक-तृतीयांशाने उतरविली की काम झाले.

फेराइटच्या कड्यावर तार गुंडाळली की प्रवर्तकता पुष्कळ वाढते. कारण गाभ्यातील सूक्ष्म चुंबकीय विभाग संदेशाच्या क्षेत्राला साथ देतात. त्याच कड्यावर दुसरे, नियंत्रक वेटोळे घालून एकदिश प्रवाह सोडला, तर बरेचसे विभाग आधीच एका दिशेला वळतात. वळण्याजोगे थोडेच उरल्याने गाभ्याची पार्यता घटते आणि तिच्याबरोबर प्रवर्तकताही. गाभ्याची ही संपृक्ततेकडील वाटचाल होय. येथे महत्त्व वेढे आणि प्रवाह यांच्या गुणाकाराला असते : २०० वेढ्यांतून ५० मिलिअँपिअर गेले, तर १० अँपिअर-वेढे मिळतात.

अशा फेराइटवर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत काम झाले. देशी प्रयोगशाळांतील संशोधन उत्पादनात उतरावे, म्हणून गाझियाबादजवळ साहिबाबाद येथे १९७४ साली सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड हा सरकारी उद्योग स्थापन झाला. त्याच्या उत्पादनांत फेराइटही होते.

हौशी प्रयोगकर्त्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एकाच कड्यावरील दोन वेटोळी रोहित्राप्रमाणे वागतात व संदेश नियंत्रक मंडलात शिरतो. म्हणून दोन सारखी कडी घेऊन त्यांवरील नियंत्रक वेटोळी एकाच दिशेने आणि संदेशाची वेटोळी परस्परविरुद्ध दिशेने जोडतात. मग नियंत्रकात उत्पन्न होणारे दाब एकमेकांना नाहीसे करतात.

दुसरी अडचण मंदायनाची. गाभ्यात आधीच्या चुंबकनाचा काही अंश उरतो. त्यामुळे प्रवाह वाढवीत नेताना तबकडीवर केलेली खूण तो उतरविताना खरी ठरत नाही. यावर उपाय सोपा आहे : प्रत्येक वेळी प्रवाह प्रथम ठरावीक कमाल मर्यादेपर्यंत न्यावा आणि तेथून खाली आणीत केंद्र लावावे. खुणाही त्याच क्रमाने कराव्यात.