शब्दाचें लिंग आणि बोलणाराचा आवाज

मराठींत तीन लिंगें आहेत. स्पॅनिश भाषेंत नामांचीं लिंगें दोनच. तेथें पुस्तक म्हणजे 'लिब्रो' पुल्लिंगी, तर घर म्हणजे 'कासा' स्त्रीलिंगी. शेवटीं 'ओ' असल्यास बहुधा पुल्लिंग, 'आ' असल्यास बहुधा स्त्रीलिंग. तथापि हात म्हणजे 'मानो' स्त्रीलिंगी आणि दिवस म्हणजे 'दीआ' पुल्लिंगी. आपला चंद्र पुरुष, तर त्यांची 'लूना' स्त्री! तेव्हां निर्जीव वस्तूंचें लिंग ही केवळ भाषेची रूढि होय, हें उघड आहे.

'कासा' हा शब्द पुरुषानें उच्चारला काय किंवा स्त्रीनें उच्चारला काय, त्याचें लिंग बदलत नाहीं. व्याकरण येथें थांबतें; परंतु आपला कान थांबतो काय?

कान्सास विद्यापीठांतील मायकेल व्हिटेव्हिच व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या प्रश्नावर केलेला प्रयोग 2013 सालीं प्रसिद्ध झाला. स्पॅनिश मातृभाषा असलेल्या श्रोत्यांस कांहीं शब्द पुरुषाच्या व कांहीं स्त्रीच्या आवाजांत ऐकविले आणि शब्दाचें लिंग ओळखावयास सांगितलें. पुल्लिंगी शब्द पुरुषाच्या व स्त्रीलिंगी शब्द स्त्रीच्या मुखांतून आला, तेव्हां उत्तरें अधिक लवकर व अधिक अचूक आलीं. उलट असतां विलंब व चुका वाढल्या. मात्र तेच शब्द ऐकवून 'बोलणारा पुरुष कीं स्त्री?' एवढेंच विचारलें, तेव्हां असा अडथळा दिसला नाहीं.

ऐकतांना मन आवाजाचें टरफल काढून टाकतें व शब्दाचा गर तेवढा घेतें, असें कित्येक विद्वानांचें मत होतें. या प्रयोगावरून दिसतें कीं, टरफलाची चव गराला लागतेच. यांत फारसें नवल नाहीं. 'मी थकलों' व 'मी थकलें' यांवरून आपणांस बोलणारा कोण तें कळतें; स्पॅनिशमध्येंही पुरुष 'कान्सादो' म्हणतो व स्त्री 'कान्सादा' म्हणते. माणसाविषयीं बोलतांना आवाज व प्रत्यय यांची अशी जोडी जमते. घराशीं वा पुस्तकाशीं मात्र तिचा कांहीं संबंध नसतो.

विद्यार्थिमित्रहो, हा फरक क्षणाच्या अंशाचा आहे. पण त्यांतील बोध मोठा आहे. आपण केवळ शब्द ऐकतों असें आपणांस वाटतें. वस्तुतः बोलणारासही ऐकत असतों. म्हणून वर्गांत कोणी मुलगी गणिताची रीत सांगूं लागली, किंवा घरीं धाकट्या भावानें शहाणपणाची गोष्ट सांगितली, तर आवाजावरून निर्णय देण्याची घाई करूं नये. क्षणभर थांबावें, आणि काय सांगितलें तें पारखावें.